ओवाळणारा गडी

विश्रांतवाडी, पुणे
९ जून १९९१

उल्का,

मायना काय लिहावा या विचारात दोन कागद वाया गेले, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे.

काल संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी ते आपलं आपण चाललं. मी ढकललं नाही, दोरीने ओढलं नाही. शेडच्या दारापासून आण्णांच्या बाकापर्यंत साडेनऊ फूट आहेत आणि मध्ये एक वळण आहे. ते वळणावर जरा डुगडुगलं, मग वळलं. बाकाला टेकलं आणि थांबलं. मी स्टुलावर बसून बघत होते. टाळी वाजवली. एकटीच होते, त्यामुळे लाजायचं कारण नव्हतं.

काय चाललं ते सांगायला हवं. मागच्या शेडमध्ये तुझ्या आण्णांचं सामान आहे तसंच आहे. व्हाइस, कानशी, हातड्रिल, सोल्डरिंग आयर्न. त्यांची इलेक्ट्रॉनिक्सची इंग्रजी मासिकं पत्र्याच्या ट्रंकेत होती. ते गेल्यानंतर वाळवी लागू नये म्हणून मी दर दिवाळीला ती उन्हात टाकायची. टाकता टाकता चाळायची. माझं शिक्षण चौथी, तेही मराठी, हे तुला ठाऊक आहे. पण कागद समोर आला की वाचल्याशिवाय सोडायचा नाही ही खोड जुनी आहे. इंग्रजी अक्षरं तुझ्या पाटीवरून शिकले होते, शब्दकोश वाचनालयातून आणला. एका अंकात चाकांवर चालणारं एक यंत्र होतं. जमिनीवर पांढरी रेघ काढली की ते रेघेवरून चालतं. एक लेख वाचायला मला पूर्ण हिवाळा लागला. ‘रिले’ या शब्दाला शब्दकोशात ‘प्रवासात बदलायचे ताजे घोडे’ असं दिलं होतं. पंधरा दिवस मी या यंत्रात घोडे कुठे बसतात ते शोधत होते; निघाला विजेचा एक खटका.

आता ते तयार आहे. अडीच फूट उंच, अंग प्लायवुडचं, खाली चाकं. समोर खाली दोन डोळे आहेत, उजेड ओळखणारे, हरभऱ्याएवढे. डाव्या डोळ्याला पांढरं दिसलं की डावी मोटर थांबते, उजव्याला दिसलं की उजवी. एवढ्यावरच ते रेघ सोडत नाही. रेघ मी रांगोळीची काढते. शेडचा कोबा तेलाने काळा झाला आहे, त्यावर रांगोळी छान दिसते. मागच्या चाकांनी ती फिसकटते, पण तोवर डोळे पुढे गेलेले असतात. परत यायला मात्र त्याला येत नाही. उचलून आणावं लागतं.

चाकं तुझ्या तीनचाकी सायकलची आहेत. तुला विचारलं नाही. पत्ता होता, बोलणं नव्हतं.

मी त्याला गडी म्हणते.

सहा वर्षांत लिहिलं नाही आणि आज हे लिहिते आहे, याचं तुला नवल वाटेल. पण कोणाला सांगू? शेजारच्या बाईंना दाखवलं, तर त्या म्हणाल्या, “छान आहे हो, पण ब्लाउज कधी देताय?”

आई


विश्रांतवाडी
२१ जुलै १९९१

उल्का,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलं नव्हतं. माधवराव दर दिवाळीला एक कार्ड टाकतात, ‘आम्ही बडोद्यात सुखरूप, हेमा मोठी होते आहे’, तेवढं कार्ड माझ्याकडे आरशाच्या मागे आहे. पाच झाली. जावयांना माझा आशीर्वाद सांग.

गड्याचं सामान कसं जमलं ते लिहिते.

मोटरी जुन्या बाजारातल्या. रविवारी सकाळी मच्छिंद्र म्हणून एक जण पोतं पसरून बसतो, मोडक्या गाड्यांचं सामान घेऊन. मी वायपरच्या तीन मोटरी मागितल्या.

“मावशी, वायपरच्या मोटरी कशाला? जीप घेतली का काय?”

“घेतली ना. दारात उभी हाय. काच तेवढी पुसायची राह्यलीय.”

“तीन काचा हायेत व्हय जीपला?”

“तू मोटरी दे. काचा मी मोजते.”

पण त्याने बॅटरी लावून तिन्ही फिरवून दाखवल्या, आणि एकीचा आवाज मला आवडला नाही तर बदलून दिली. मशिनीवर वीस वर्षं शिवते आहे. बेअरिंग कुठलं कुरकुरतं ते मला कानाने कळतं.

बुधवार पेठेत वेगळी गंमत. तिथे गोपाळकृष्ण नावाचे एक दुकानदार आहेत. पेपरावरून डोळे न उचलता म्हणाले, “मुलाला पाठवा. तुम्हाला कळायचं नाही.”

“मुलगा नाही. मला दहा हजार ओहमचे चार रेझिस्टर द्या.”

त्यांनी पुडीत टाकले. मी पुडी उघडून उजेडात धरली. रेझिस्टरवर रंगांच्या पट्ट्या असतात, त्यावरून आकडा कळतो. मला ते दोऱ्यांच्या रिळांसारखं वाटलं, एकदा पाठ झालं ते झालं.

“तपकिरी, काळा, लाल,” मी म्हणाले. “हे एक हजारचे आहेत. दहा हजाराला तिसरी पट्टी नारिंगी लागते.”

आता त्यांनी पेपर खाली ठेवला. चष्मा वर करून पुडी बघितली, मला बघितलं, आणि काउंटरच्या आतलं स्टूल बाहेर सरकवून म्हणाले, “बसा.”

उल्का, मला अनेक ठिकाणी मान मिळाला नाही, त्याचं मी फारसं मनावर घेतलं नाही. पण बुधवारातल्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला बसा म्हणणं, हे घरी येईपर्यंत मी बसमध्ये आठवत होते. आता मी गेले की ते विचारतात, “काय बाई, आज कुठे अडलं?” अडलेलं सांगतात, पण उपकार केल्यासारखं. त्यांचा तो स्वभाव आहे.

वायरी ओळखायला मी प्रत्येकीला रंगीत दोरा बांधला आहे. डाव्या चाकाला हिरवा, उजव्याला पिवळा. तिसऱ्या मोटरीला लाल. तिसरी कशाला ते अजून लिहीत नाही.

तुझ्या लग्नाच्या दिवशी मला ताप होता, हे तुला तेव्हाच सांगितलं होतं. तरी तू धरून ठेवलंस. असो.

आई


विश्रांतवाडी
१ सप्टेंबर १९९१

उल्का,

गड्याला हात आला. आता तिसऱ्या मोटरीचं लिहिते.

दोन सारख्या चकत्या घेतल्या, कडेला एकेक खुंटी. दोन्ही खुंट्या एका आडव्या पट्टीने जोडल्या, आगगाडीच्या जुन्या इंजिनाच्या चाकांना दांडा असतो तशा. चकत्या फिरल्या की पट्टी गोल फिरते, पण तिरपी होत नाही. खाली जाते, वर येते, आणि सगळा वेळ सपाट. त्या पट्टीवर ताट बसवलं. ताटात निरांजन, सुपारी, अक्षता. पहिल्या दिवशी तेल सांडलं, कारण मोटर फार जोरात होती. गोपाळकृष्णांनी वेग कमी करायची युक्ती सांगितली. आता ज्योत हलतेसुद्धा नाही. मी समोर पाटावर बसून स्वतः बघितलं. तीन फेरे आणि थांब. गडी ताट रेघेवरून नेतो, पाटाजवळ थांबतो, ओवाळतो. सगळं मासिकात नव्हतं. हात माझा आहे.

मी लोखंडाला हात घालते तेव्हा आण्णा काय म्हणाले असते ते मला ऐकू येतं. “घाई करू नकोस, कानस स्वतः कापते, तू फक्त धर.” नऊ वर्षं झाली, आवाज तसाच आहे. रडत नाही मी. पण रोज एकदा ऐकते.

आता मुद्द्याचं. डिसेंबरच्या पंधरा तारखेला हेमाला पाचवं संपेल. मी माझ्या नातीला अजून बघितलेलं नाही. तू तिला घेऊन यावंस, असं मला वाटतं. मी ओवाळत नाही हे तुला ठाऊक आहे आणि त्यावरूनच सगळं झालं. पण आता गडी आहे. त्याला अडचण नाही. तो कधी सवाष्ण नव्हता आणि विधवाही झाला नाही. तो ओवाळील. मी मागच्या खोलीत नसेन, तिथेच उभी राहून बटण दाबीन. एवढं मला जमतं. जमवायला दहा महिने घालवले.

तुझ्या लग्नाच्या दिवशी मला ताप नव्हता. मी शेडमध्ये होते आणि आतून कडी घातली होती. तू पाटावर उभी होतीस आणि म्हणत होतीस, “आई ओवाळल्याशिवाय मी पाट सोडणार नाही.” मला सगळं ऐकू येत होतं. वीस मिनिटं उभी होतीस. मग विजूआत्याने ओवाळलं, आणि तू तिला भरल्या घरात बोललीस की, “तुम्हीच माझ्या आईला मागे बसवलंत, आता पुढे पुढे करता.” तेही ऐकू आलं.

येण्याचं कळव. नाही जमलं तर तसं कळव.

आई


विश्रांतवाडी
२८ ऑक्टोबर १९९१

उल्का,

तुझं काही आलं नाही, तरी हे तुला सांगायलाच हवं, कारण पुण्यात ते पाचशे माणसांनी बघितलं आणि तू बघितलं नाहीस.

शनिवार-रविवार शहरात एका शाळेत छंदांचं प्रदर्शन होतं. गोपाळकृष्णांनी माझं नाव परस्पर देऊन टाकलं. विचारलं तर म्हणाले, “विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात. मग विचारायचं कशाला?” टेम्पोतून गडी नेला. मी पुढे ड्रायव्हरशेजारी न बसता मागे त्याला धरून बसले.

आमच्या टेबलावर पाटी होती, ‘ओवाळणारा यंत्रमानव’. शेजारच्या टेबलावर मथुराबाई म्हणून एक आजी होत्या, कसब्यातल्या, वय ब्याऐंशी. मण्यांची तोरणं करतात. त्यांचे पाय दुखत होते म्हणून त्यांनी गड्यासमोरची खुर्ची धरली आणि दोन दिवस सोडली नाही. मलाही बरं पडलं, ओवाळायला कोणीतरी माणूस हवंच होतं.

परीक्षक आले, तीन जण. त्यांनी मला विचारलं, “मुलाने केलंय का?”

“नाही.”

“मग यजमानांनी?”

“ते नऊ वर्षांपूर्वी गेले. एवढा उशीर त्यांनी कधी केला नाही.”

मग ते बघायला लागले. मी बटण दाबलं. गडी रेघेवरून निघाला, वळणावर मुळीच डुगडुगला नाही, मथुराबाईंच्या खुर्चीपाशी थांबला. ताट फिरायला लागलं. लोक टाळ्या वाजवायला लागले. एक परीक्षक वाकून चकत्या बघत होते आणि दुसऱ्यांना म्हणत होते, “बघा, ताट सपाट राहतंय, बघा.” मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांपुढे जरा धूसर झालं.

तेवढ्यात मथुराबाई मोठ्याने म्हणाल्या, “अगं बाई, हा उलटा ओवाळतोय! मला काय पोचवायला आलाय का?”

सगळी खोली हसली. मी हसले नाही. बघितलं, तर खरंच. ओवाळणाऱ्याच्या हातून ताट कसं फिरतं? त्याच्या डावीकडून वर, उजवीकडून खाली. घड्याळाच्या काट्यासारखं. गड्याचं बरोबर उलटं फिरत होतं. दोन महिने फिरत होतं. मी प्रत्येक वेळी समोर पाटावर बसून जुळवलं होतं. समोरून मला ते काट्याप्रमाणे दिसत होतं, म्हणून बरोबर वाटलं. त्याच्या मागे जाऊन मी एकदाही उभी राहिले नाही.

कदाचित मी गोंधळले असेन म्हणून मथुराबाईंना म्हटलं, “नक्की उलटं आहे ना?”

“मला काय विचारतेस? ताट घे हातात आणि ओवाळून बघ. हात सांगेल.”

“मी ओवाळत नाही,” मी म्हणाले.

“का? हात मोडलाय?”

परीक्षक उभे, लोक उभे. माझं कपाळ त्यांना दिसत होतं, तरी विचारत होत्या. मी ताट काढलं. गड्याच्या मागे उभी राहिले, त्याच्या डोक्यावरून हात पुढे काढले आणि मथुराबाईंना ओवाळलं. तीन वेळा. हात आपोआप बरोबर फिरला. तो विसरला नव्हता. निरांजन मात्र गड्याच्या ताटात हललं नव्हतं तेवढं हललं.

मग मी लाल दोऱ्याच्या दोन वायरी काढून उलट्या जोडल्या. दोन मिनिटांचं काम. गडी पुन्हा पाठवला आणि त्याने सरळ ओवाळलं. दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं काडेपेट्यांच्या रायगडाला. तोही चांगला होता, पण चालत नव्हता. प्रशस्तिपत्रावर ‘श्री. मैना पठारे’ छापलं होतं. मी तिथल्या तिथे पेनाने ‘श्रीमती’ केलं आणि मग घेतलं.

उल्का, बक्षीस कपाटात ठेवलं आहे. पण मी काल रात्रीपासून दिवस मोजते आहे. का ते पुढे लिहीन, लिहिण्यासारखं राहिलं तर.

आई


विश्रांतवाडी
१० नोव्हेंबर १९९१

उल्का,

हे पत्र न वाचता ठेवू नकोस. बाकीची ठेवलीस तरी चालतील.

प्रदर्शनानंतरचे आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. चकल्यांचं पीठ दोनदा बिघडलं. नवव्या दिवशी सकाळी डब्यात फराळ भरला आणि बस धरून कसब्यात गेले. मथुराबाईंचा पत्ता प्रदर्शनाच्या पत्रकावर होता.  वर रडण्याचा आवाज येतो का ते ऐकत जिना चढले. रेडिओचा येत होता.

दार त्यांनीच उघडलं. मला बघितलं, डब्याकडे बघितलं.

“मेले नाही ते बघायला आलीस होय?”

मी डबा पुढे केला. 

“तोंड वाचता येतं मला. त्या दिवशी ओवाळलंस तेव्हा तू मला बघत नव्हतीस, माझी प्रेतयात्रा बघत होतीस. आत ये. चहा टाक. साखर दोन चमचे. मुलगा एकच घालतो, त्याला माझ्या तब्येतीची काळजी आहे.”

चहा टाकताना मी त्यांना जे सांगितलं ते आता तुला सांगते. हे मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

आण्णा गेले त्या वर्षी पाडव्याला मी त्यांना ओवाळलं. नेहमीसारखंच. त्यांनी ताटात एक नवीन कानस ठेवली, ओवाळणी म्हणून, आणि म्हणाले, “सोनं पुढच्या वर्षी.” मी रुसले. लटकं नाही, खरंच रुसले. ताट ठेवताना आपटलं आणि निरांजन विझलं. आठव्या दिवशी ते कामाला बाकापाशी बसले ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. मला वाटलं, हात. माझा हात. तेव्हापासून मी कोणालाही ओवाळलेलं नाही, देवालासुद्धा लांबूनच नमस्कार करते. लोक समजले की रीत पाळते आहे. मी समजू दिलं. रीत पाळणाऱ्या बाईला कोणी पुढे प्रश्न विचारत नाही.

तुझ्या लग्नाच्या दिवशी मला कोणी मागे बसवलं नव्हतं. विजूवन्सं ताट घेऊन शेडच्या दाराशी आल्या. कडी वाजवली. म्हणाल्या, “वहिनी, घ्या हे ताट. पोरगी उभी हाय. लोकांचं मी बघून घेते, कोण काय बोलतंय ते.” मी आतून म्हणाले, “तुम्हीच ओवाळा. मला ताप आहे म्हणून सांगा.” त्या म्हणाल्या, “ताप न्हाई तुम्हाला.” मी म्हणाले, “तरी सांगा.” त्यांनी सांगितलं. मग तू त्यांना जे बोललीस ते त्या ऐकून उभ्या राहिल्या आणि एका शब्दाने त्यांनी मला उघडं पाडलं नाही. मी सहा वर्षं त्यांना तसंच राहू दिलं.

तू मला भित्री समजलीस, लोकांना भिणारी. लोकांना मी कधीच भ्याले नाही. मी तुझ्यासाठी भ्याले. पण ते तुला सांगितलं नाही, आणि न सांगितलेली गोष्ट तुला कळावी अशी अपेक्षा धरली.

मथुराबाईंनी सगळं ऐकलं. चहात बिस्कीट बुडवलं. म्हणाल्या, “आमचे गेले त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना शिरा करून वाढला होता. म्हणून काय शिरा सोडला? आठवड्यातून दोनदा खाते.” मग म्हणाल्या, “आणि ती कानस?”

“ती आहे. गड्याचा हात तिनेच घासलाय.”

“मग ओवाळणी वाया गेली नाही तुझी,” त्या म्हणाल्या आणि दुसरं बिस्कीट मागितलं.

भाऊबीज झाल्यावर मी वारज्याला गेले, वन्सं आता तिथे माझ्या धाकट्या दिरांकडे आहेत. दोन्ही हात जोडून सांगितलं की, चूक माझी होती आणि मी तुला सगळं कळवते आहे. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, “सहा वर्सं लागली व्हय? मला वाटलं धा लागतील.” मग सूप माझ्याकडे सरकवलं. “निवडा. रिकाम्या हाताने माफी मागू नये.” आम्ही दोघींनी मिळून पायलीभर निवडले.

माझं लिहून झालं. आता तुझी मर्जी.

आई


विश्रांतवाडी
५ डिसेंबर १९९१

उल्का,

तुझं पत्र मंगळवारी आलं. पोस्टमनने हाक मारली तेव्हा मी मशिनीवर होते, फॉल अर्धा राहिला तो राहिलाच. चार पत्रं तू न फोडता ठेवलीस आणि पाचवं माधवरावांनी फोडून मोठ्याने वाचलं, हे वाचून मला राग यायला हवा होता. आला नाही. जावई चांगला निवडलास.

तू लिहिलं आहेस, ‘आई, तू तुझ्या भीतीबद्दल एवढं लिहिलंस. मला भीती वाटत होती का, ते एकदा तरी विचारलं असतंस. मी सांगितलं असतं, नाही वाटत. मला ओवाळून जे व्हायचं ते होऊ दे, पण तू ये.’ हे मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

आत्यांना तू वेगळं पत्र लिहिलंस ते बरं केलंस. त्यांनी ते शेजारणीकडून वाचून घेतलं, आणि आता ट्रंकेत कुलूप लावून ठेवलं आहे. पंधरा तारखेला त्या येणार आहेत. मथुराबाईसुद्धा येणार आहेत, मी बोलावलं नव्हतं, गोपाळकृष्णांकडून त्यांना कळलं. ते त्यांना टॅक्सीने आणणार आहेत आणि म्हणतात, “मी बाहेर थांबेन, मला असल्या गोष्टींत रस नाही.” गड्याची बॅटरी मात्र परवा येऊन दोनदा तपासून गेले.

आता गड्याचं. मी त्याचा हात काढला. चकत्या, खुंट्या, पट्टी, सगळं. ताट ठेवायला एक सपाट फळी बसवली आहे. मथुराबाई रागावल्या, म्हणाल्या, “बक्षीस हाताला मिळालं होतं!” खरं आहे. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम तो हात आहे, आणि तो बाकावर नीट पुसून, तेल लावून ठेवला आहे. हेमा आली की तिला खोलून दाखवीन, कसा फिरतो ते. माझ्या बाजूने आणि गड्याच्या बाजूने, दोन्हीकडून. पण ओवाळायला तो लागणार नाही. गडी फक्त ताट आणील.

स्टेशनवरून आळंदी रोडची बस मिळेल. रिक्षावाला वळसा घालील, त्याला सांग की तू इथलीच आहेस. आपल्या गल्लीच्या तोंडाशी आता औषधांचं दुकान झालं आहे, त्याने चुकू नकोस. घर तसंच आहे. दार उघडं असेल.

रेघ मी सकाळीच काढून ठेवीन, शेडपासून पुढच्या दारापर्यंत. अंगणात कोबा नाही म्हणून मी ते शेणाने न सारवता काळ्या पाटीच्या रंगाने रंगवून घेतलं आहे. शेजारी विचारतात काय झालंय. मी सांगते, मुलगी येते आहे.

आधी हेमाला पाटावर उभी कर. तिला सांग की समोरून एक गडी येईल, त्याला घाबरायचं नाही, त्याची चाकं तिच्या आईच्या सायकलची आहेत. त्याच्या मागे एक बाई असेल, ती आजी. हेमाला ओवाळून झालं की तू पाटावर उभी राहा. तुझं राहिलं आहे.

गडी सावकाश येतो. शेडपासून दारापर्यंत त्याला पावणेपाच मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून बघितलं आहे. तेवढं थांब.

आई